उजव्या हातावरचं नाव

दारव्ह्याच्या भरती अकॅडमीतून निकिता त्या दिवशी दुपारीच घरी आली. पायातले बूट न काढता ओसरीच्या कडेला टेकली, उजवी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि म्हणाली, "आई, हे काढा लागते."

इंदुताई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. संध्याकाळी सोल्यांची भाजी करायची होती. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "काय काढा लागते?"

"नाव."

मग मात्र इंदुताईंचा हात थांबला. निकिताच्या मनगटापासून चार बोटं वर, आतल्या बाजूला, हिरवट काळ्या अक्षरांत 'पिंटु' असं गोंदलेलं होतं. पिंटू म्हणजे इंदुताईंचा थोरला मुलगा, निकिताहून तीन वर्षांनी मोठा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

सोयाबीन निघायचे दिवस होते तेव्हा. दिवस मावळता मावळता तो मोटरसायकलनं दारव्ह्याहून गावाकडे येत होता. नाल्याच्या पुलाजवळ तुरीच्या वावरातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून रस्त्यावर आली. घोड्याएवढं जनावर ते, गाडीवर आदळलं आणि गाडीसकट आडवं झालं. रोही उठून पळून गेली. पिंटू उठला नाही.

त्याला स्वतःला फौजेत जायचं होतं. दोनदा भरतीला उभा राहिला, दोन्ही वेळा डोळ्यांच्या तपासणीत बाहेर पडला. मग आपली सगळी हौस त्यानं बहिणीवर लावली. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर तो मोबाईल हातात धरून उभा राहायचा आणि निकिता पळायची. "अजून धा सेकंद कमी पायजेत," एवढंच त्याचं बोलणं. तो गेला तेव्हा निकितानं तीन महिने बुटात पाय घातला नाही. चौथ्या महिन्यात, माघात, मैत्रिणी तिला ओढूनच कळंबला चिंतामणीच्या जत्रेला घेऊन गेल्या. तिथं मशीन घेऊन बसलेल्या एका गोंदणाऱ्यापुढं ती बसली. कोणत्या हातावर काढू, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं उजवा पुढं केला, कारण भावाला राखी ती या हातानं बांधायची. त्या गड्यानं घाईत दीर्घ उकार ऱ्हस्व काढून ठेवला.

"दादानं पायलं असतं तर लय हासला असता," घरी येऊन निकिता म्हणाली होती, आणि भाऊ गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या तोंडावर जराक हसू आलं होतं.

इंदुताई आधी रागावल्या होत्या. पोरीच्या हातावर भावाचं नाव, उद्या सासरचे काय म्हणतील, वगैरे सगळं बोलून झालं. पण पुढं पुढं त्यांना त्या हाताची सवय झाली. निकिता ताट वाढायला वाकली की त्यांची नजर मनगटाकडे जायची. घरात पिंटूचं नाव कोणी घेत नव्हतं. सदाशिवराव, त्याचे वडील, तर मुळीच नाही. त्यांनी लेकाचा फोटो सुद्धा कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला होता. जे नाव घरात कोणाच्या तोंडी नव्हतं, ते पोरीच्या हातावर रोज घरभर फिरत होतं.

"काहून काढा लागते?" इंदुताईंनी विचारलं.

निकितानं सांगितलं. निमलष्करी दलाच्या भरतीत ती पेपर पास झाली होती, मैदानी चाचणीही पार झाली होती, आता फक्त मेडिकल राहिलं होतं. ते पाच हप्त्यांनी नागपूरला होतं. अकॅडमी चालवणारे धर्मपाल सर स्वतः निवृत्त हवालदार. त्यांनी आज सगळ्या पोरींना रांगेत उभं करून दात, गुडघे, तळपाय, सगळं तपासलं होतं. निकिताच्या हाताशी येऊन ते थांबले होते.

"सर म्हणे, उजव्या हातावर चालत नाई. सॅल्यूट याच हातानं मारा लागते ना. डाव्यावर असतं तर एखाद्या वेळी चाललं असतं."

"मंग डाव्या हातानं मारजो सॅल्यूट," इंदुताई म्हणाल्या. म्हणता म्हणताच त्यांना कळलं, की या बोलण्याला काही अर्थ नाही. त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

दोन दिवसांनी मायलेकी यवतमाळला कातडीच्या डॉक्टरकडे गेल्या. घरी सदाशिवरावांना सांगितलं, निकिताचे केस गळतात, ते दाखवायचंय. डॉक्टरांनी हात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, लेझरनं निघेल. दर दीड महिन्यानं एकदा, असं सात-आठ वेळा यावं लागेल.

"पाच हप्त्यात नाई होणार?" निकितानं विचारलं.

"पाच आठवड्यांत फार तर एकदा होईल, त्यानं काही दिसायचं थांबणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, घरी काही लावू नका. लोक काहीही सांगतात. लावू नका."

हे दोघींनीही ऐकलं. नंतर कितीतरी महिने इंदुताईंना ते वाक्य, डॉक्टरांच्या टेबलावरची पिवळी फुलदाणी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जसंच्या तसं आठवत राहिलं. तेव्हा मात्र परतीच्या जीपमध्ये बसताना त्यांच्या मनात एवढंच आलं, की बरं झालं, नाव राहिलं.

निकितानं मोबाईलवरून एक मलम मागवलं. डबीवर गोऱ्यापान हाताचं चित्र होतं. आठ दिवस तिनं सकाळ-संध्याकाळ ते चोळलं. वरचा पापुद्रा निघाला, खाली नाव होतं तसंच.

मग तिची चिडचिड सुरू झाली. जेवण कमी झालं. एकदा ती म्हणाली, "खुरपं गरम करून लावलं तर?"

"डोस्कं फिरलं काय वं तुहं?" इंदुताई कडाडल्या. "नोकरी लागो नाईतर न लागो. मी त्याचं नाव असं मिटवू देणार नाई."

"त्याचं नाव हातावर ठेवून मी घरी बसू? दोन वर्स पहाटे उठून पळून राह्यली, ते कोणासाठी? त्याले हे आवडलं असतं काय, सांग."

इंदुताई उठून चुलीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून खसखस असा आवाज येत होता. बराच वेळ येत राहिला तेव्हा इंदुताईंनी दार लोटलं. निकिता पाटावर बसली होती. डाव्या हातात भांडी घासायची तारेची घासणी, बाजूला वाटीत खडे मीठ. उजव्या हाताची साल निघाली होती आणि खालच्या फरशीवरून लाल पाणी मोरीकडे वाहत होतं. खालचा ओठ तिनं दातांत धरला होता. इतकं करूनही अक्षरं रक्ताखालून दिसतच होती.

इंदुताईंनी घासणी हिसकून घेतली.

"माह्यानं होत नाई, आई," निकिता म्हणाली. ती रडत नव्हती, दमलेल्या माणसासारखी बोलत होती. "मी किती बी ठरवलं तरी हात आपोआप थांबते. तू काढून दे. तुह्या हातानं काढलं तर होईन."

त्या क्षणापर्यंत इंदुताई नाव वाचवत होत्या. घासणी हातात धरून उभं राहिल्यावर त्यांना वाटलं, ही पोरगी उद्या कोणी घरात नसताना खुरपं खरंच तापवेल. त्यापेक्षा आपण केलेलं बरं. आपण हळू हाताने करू. आई आहोत आपण, आपल्याला कळेल कुठं थांबायचं ते.

शेजारी त्यांची चुलत जाऊ बबिता राहायची. तिची आई अंगावरचे मस चुना आणि धुण्याचा सोडा लावून जाळायची, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. इंदुताई तिच्याकडे जाऊन बसल्या.

"मस येवढूसा राह्यते, बाई," बबिता म्हणाली. "हे तर पुरं नाव हाय. मी तं म्हणतो, नको लावू."

"मेडिकल जवळ आलं हाय वं."

बबिता म्हणाली, "लावलंच तर थोडंसं लावजो. अन् लक्ष ठेवजो."

रविवारी सदाशिवराव कापूस वेचणाऱ्या बायांना घेऊन वावरात गेले. इंदुताईंनी पुढचं दार लावून घेतलं. हाताची साल अजून नीट धरली नव्हती. स्वयंपाकघरात खिडकीखाली चटई टाकून निकिता बसली आणि हात तिनं आईच्या मांडीवर ठेवला. इंदुताईंनी वाटीत ओलं करून ठेवलेलं चुना-सोड्याचं ते पांढरं एका काडीवर घेतलं आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. काडी अक्षरांच्या वळणावरून जात होती. शाळेत घालताना मुलाचं नाव त्यांनीच फॉर्मवर लिहिलं होतं, त्यानंतर कधी लिहायची वेळ आली नव्हती. आपण आता ते लिहून राहिलो की पुसून राहिलो, हे त्यांचं त्यांनाच समजेना.

थोड्याच वेळात निकितानं ओढणीचा गोळा तोंडात कोंबला. तिचे पाय चटईवर घासत होते.

"पुसू काय?"

तिनं मान हलवली. नाही.

"निकिता, पुसतो मी."

"राहू दे," ती ओढणीतूनच म्हणाली. "आता नाई तर कवा नाई."

इंदुताईंनी तिचं डोकं दुसऱ्या हातानं छातीशी धरलं. दोनदा ओला कपडा उचलला, दोनदा निकितानं तो ढकलला. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग हळूहळू तिचं अंग सैल पडलं. तिनं तोंडातून ओढणी काढली.

"आई, आता नाई दुखून राह्यलं वं."

"खरं?"

"काहीच नाई. थंडं वाटते."

दोघींनाही हायसं झालं. इंदुताईंना वाटलं, औषध मुरलं. त्यांनी उठून चहा मांडला, दोघी भिंतीला टेकून चहा प्यायल्या, आणि ते पांढरं तसंच हातावर राहिलं. धुतलं तेव्हा तासभर होऊन गेला होता. खालची कातडी राखेच्या रंगाची, भिजलेल्या चामड्यासारखी झाली होती. अक्षरं आत कुठंतरी अंधूक दिसत होती.

"खपली धरली का तिच्यासंग निघून येईन," इंदुताई म्हणाल्या आणि त्यांनी त्यावर तूप-हळद लावून धुतलेल्या लुगड्याची पट्टी बांधली.

रात्री जेवताना सदाशिवरावांनी पट्टी पाहिली.

"काय झालं?"

"तेल उडलं," इंदुताई म्हणाल्या.

"जपून करत जा बेटा," ते म्हणाले आणि जेवू लागले.

तिसऱ्या दिवशी जखम काळी पडली. चौथ्या दिवशी पट्टी सोडताना वास आला, तेव्हा इंदुताईंनी कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं ती धुतली. पाचव्या दिवशी निकिताला ताप भरला. तापातच ती पहाटे पळायला निघाली आणि अर्ध्या रस्त्यातून परत आली. इंदुताईंनी तापाची गोळी दिली. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर पोरगी ऐकेना. डॉक्टर म्हणतील काय लावलं, बाबांना कळेल, सरांना कळेल. "खपली निघू दे पयले, मंग जाऊ," ती म्हणत राहिली. इंदुताईंनाही ते ऐकावंसं वाटलं, कारण बाहेर सांगायचं म्हणजे आपण काय केलं ते सांगायचं.

सहाव्या दिवशी सकाळी सदाशिवराव तिच्या खाटेशी आले. ती अजून उठली कशी नाही म्हणून पाहायला आले होते. पांघरुणाबाहेर आलेली तिची बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. पट्टीपासून कोपराच्याही वर एक लाल रेघ गेली होती. त्यांनी स्वतः खाली बसून पट्टी सोडली.

"हे तेलानं जळलेलं नाई," ते म्हणाले.

इंदुताईंनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा सदाशिवराव उठले, पायात चपला सरकवल्या आणि गल्लीतल्या एकाची गाडी आणायला गेले.

दारव्ह्याच्या डॉक्टरांनी जखम धुतली, एक इंजेक्शन दिलं आणि लगेच त्याच गाडीनं यवतमाळला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर निशिगंधा म्हणून एक तरुण बाई होत्या. निकिता तापानं गुंगीत होती, म्हणून त्यांनी इंदुताईंना बाजूला घेतलं.

"काय लावलं होतं काकू? खरं सांगा. मी रागावणार नाही, मला उपचार ठरवायचाय."

"चुना. अन् धुण्याचा सोडा."

"किती वेळ?"

"तासभर झाला असंन."

"इतका वेळ ती कशी राहिली? दुखत असेल ना."

"पयले लय दुखलं. मंग थांबलं. दुखणं थांबलं म्हून तं ठेवलं."

डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगितलं, "दुखणं थांबलं, कारण खालच्या नसाच जळाल्या होत्या काकू. हे वरचं जाळून थांबत नाही. आत आत उतरत जातं. आणि त्यात आधीची जखम, त्यातून हे विष चढलंय." मेलेली कातडी सगळी काढावी लागणार होती. मांडीची कातडी घेऊन हातावर लावायची होती. बोटं वळवणाऱ्या शिरांना किती झळ बसलीय ते उघडल्यावरच कळणार होतं.

इंदुताई बाहेर येऊन बाकावर बसल्या. सदाशिवराव तिथंच होते. ते म्हणाले, "मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी नाई म्हटलं असतं."

"हो," सदाशिवराव म्हणाले. "म्हटलंच असतं."

इंदुताईंना वाटत होतं, त्यांनी ओरडावं, हात उगारावा. सदाशिवरावांनी खाली जाऊन पोळी-भाजीचे दोन डबे आणले आणि एक त्यांच्यापुढं ठेवला.

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. तीन तास लागले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन सिस्टर वॉर्डात आली, तेव्हा इंदुताई तिच्या मागं मागं दारापर्यंत गेल्या.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना काकू."

"ते काढलेलं कातडं कुठं ठेवलं?"

सिस्टरला आधी समजलं नाही. "कोणतं कातडं?"

"माह्या पोरीच्या हातावरचं."

"ते ठेवत नाहीत. पिवळ्या पिशवीत जातं. गाडी येते अन् घेऊन जाते, जाळून टाकतात."

"कवा येते गाडी?"

"काल संध्याकाळी गेली."

इंदुताई तशाच उभ्या राहिल्या. सिस्टरनं विचारलं, का हो, काही पाहिजे होतं का? इंदुताईंना सांगता येईना. तेव्हा मागं, निकिताच्या खाटेजवळ बसलेले सदाशिवराव उठून आले.

"त्याच्यावर नाव होतं," ते सिस्टरला म्हणाले. "पिंटूचं. आमच्या पोराचं."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव निघालं. सिस्टर ट्रे धरून उभी होती. तिनं एकदा इंदुताईंकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"मला माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"तुमचं काही नाई," सदाशिवराव म्हणाले. त्यांनी इंदुताईंच्या दंडाला धरून त्यांना स्टुलावर आणून बसवलं. त्या मग रडल्या. लेक गेला तेव्हा गावच्या बायांनी धरून ठेवलं होतं, घर माणसांनी भरलेलं होतं, त्या गर्दीत त्यांना रडूही धड आलं नव्हतं. इथं समोरच्या खाटेवरची अनोळखी बाई संत्रं सोलायची थांबून पाहत होती आणि इंदुताई तोंडाला पदर लावून रडत होत्या. निकिता जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मेडिकलच्या दिवशी टाके निघून तीनच दिवस झाले होते. डॉक्टर निशिगंधा नको म्हणत होत्या, पण निकितानं ऐकलं नाही. धर्मपाल सर स्वतः मायलेकींना घेऊन नागपूरला गेले. इंदुताई बाहेर झाडाखाली बसल्या. आत काय झालं ते निकितानं नंतर सांगितलं. उंची झाली, वजन झालं, डोळे एकदम साफ निघाले. मग तपासणाऱ्या साहेबांनी पट्टी सोडायला लावली. पाहिलं आणि म्हणाले, "मूठ बंद कर." तीन बोटं अर्धी वळली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हललंच नाही. "जोर लाव," साहेब म्हणाले. तिनं लावला. त्यांनी खाली मान घालून कागदावर 'अनफिट' लिहिलं. "काय लावलं होतंस?" त्यांनी विचारलं, आणि तिनं सांगितल्यावर फक्त "अरेरे" म्हणाले. वाईट बोलले नाहीत.

परत येताना बसमध्ये धर्मपाल सर इंदुताईंना म्हणाले, "मी पोरीला सांगितलं की हे चालणार नाही. पण कसं काढायचं, कोणाला विचारायचं, ते नाही सांगितलं. तिथं माझं चुकलं ताई." पुढं त्यांनी चारचौघांना विचारलं. कोणी म्हणालं, नाव तसंच घेऊन गेली असती तरी अपील करता आलं असतं, मुदत मिळाली असती. कोणी म्हणालं, छे, तिथल्या तिथं काढलं असतं. खरं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. इंदुताई कधी एकावर विश्वास ठेवायच्या, कधी दुसऱ्यावर. पहिल्यावर ठेवला की रात्र जायची नाही.

उन्हाळाभर निकिता हप्त्यातून दोनदा यवतमाळला व्यायामासाठी गेली. अंगठा आणि दोन बोटं सुधारली. बाकीच्या दोन बोटांचं डॉक्टर निशिगंधांनी स्पष्टच सांगितलं. लिहिता येईल, पोळ्या लाटता येतील, गाडीही चालवता येईल कदाचित. दोर धरून चढणं, बंदूक धरणं, हे आता विसरायचं. निकितानं अकॅडमीतलं नाव काढून घेतलं. बूट गावातल्याच खुशी नावाच्या मुलीला दिले. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, ती पुस्तकं तिनं पुन्हा उघडली. पहाटे पाचला मात्र तिला जाग यायचीच. मग ती दारात येऊन बसायची, फटफटीत उजाडेपर्यंत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जखमेच्या जागी रोज दोनदा तेल लावून चोळायचं, म्हणजे नवी कातडी नरम राहील, आखडणार नाही. हे काम इंदुताईंनी कोणाला करू दिलं नाही. ज्येष्ठातली एक सकाळ होती. सदाशिवराव बियाणं पाहायला गेले होते. इंदुताईंनी खोबऱ्याच्या तेलाची वाटी घेतली आणि निकिताचा हात मांडीवर घेतला. जिथं अक्षरं होती तिथं आता तळहाताएवढा एक चकचकीत, जांभळट चौकोन होता, भोवतीच्या कातडीहून जरा खाली दबलेला. त्या अंगठ्यानं गोल गोल चोळत होत्या.

निकिता समोर पाहत होती. म्हणाली, "आई, तू नाई म्हणायले पायजे होतं."

इंदुताईंचा अंगठा थांबला. त्यांना बोलता आलं असतं. तूच हट्ट धरला होतास, तूच तारेच्या घासणीनं हात सोलून घेत होतीस, मी दोनदा पुसायला गेले तेव्हा तूच हात ढकललास. यातलं सगळं खरं होतं. महिनोन्‌महिने हे सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं, कोणी विचारलंच तर सांगायला.

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणायले पायजे होतं."

निकितानं हात मागं घेतला नाही. रस्त्यावरून कोणाची तरी बैलगाडी गेली.

"तिथं नको," थोड्या वेळानं निकिता म्हणाली. "बाजूनं दाब. तिथं मले काहीच समजत नाई."

इंदुताईंनी बोटाला पुन्हा तेल घेतलं आणि बाजूनं दाबायला लागल्या.